आवाजाचं बूड

माझ्या सौभाग्यवतींचे एकुलते एक बंधू आणि मोफत वस्तूंचे थोर पुरस्कर्ते मेहुणेबुवा यांना भाऊजींचा उघड नमस्कार, आणि मनातल्या मनात दोन शिव्या.

तुमची प्रकृती ठणठणीत असणार यात शंका नाही. दुसऱ्याच्या घरात संगणकाचे प्रयोग करून जो माणूस स्वतःच्या घरी निघून जातो त्याला कसलाही आजार होत नाही, असं माझं निरीक्षण आहे. तुमच्या सौ.ची कंबर आता कशी आहे? जड उचलू नका म्हणावं आणि खालून उठताना कशाचा तरी आधार घ्या म्हणावं. (हे माझं डोकं नाही, आमची ही इथं असती तर हिनं हेच लिहायला सांगितलं असतं, म्हणून लिहिलं.) माझं म्हणाल तर चाललंय. गाडीचा क्लच नवा टाकला, शिकाऊ मंडळी तो जुना करण्याच्या कामाला लागली आहेत, आणि आपलं ड्रायव्हिंग स्कूल अजून उभं आहे. आणखी एक खुलासा आधीच करतो. आमच्या लग्नात तुम्ही अर्ध्या चड्डीत होता, तेव्हापासून तोंडी मी तुम्हाला अरे-तुरेच करत आलो. पण लेखी तक्रार करायची तर 'तुम्ही' म्हणावं लागतं. त्यात शिव्याही जास्त शोभून दिसतात.

आता तक्रारीकडे वळतो. (वळण्याआधी आरशात बघावं, मागून कोण येतंय ते पाहावं, असं मी दिवसभर ओरडत असतो. माझ्या मागून काय येत होतं ते मला मात्र दिसलं नाही.) तुम्हाला ठाऊकच आहे की ही मुलीकडे गेली ती महिनाभरासाठी म्हणून गेली. नात तेव्हा मुठी वळून झोपलेली असायची. त्या नातीला आता दात यायला लागले आणि ही अजून तिकडेच आहे. मुलगी कामावर जायला लागली, बाळाकडे कुणीतरी हवं, आणि आईइतकं विश्वासाचं दुसरं कोण असणार? सगळं पटण्यासारखं आहे, म्हणून तर कुणी काही बोलत नाही. मी विचारत नाही, ही सांगत नाही, आणि मुलगी म्हणते, आई इथं अगदी रमली आहे. मी म्हणतो, रमू दे, माझं छान चाललंय. इतकं छान चाललंय की परवा दोन वेगवेगळ्या जोड्यांतले बूट घालून दिवसभर क्लच-ब्रेक शिकवत होतो, आणि ते एका शिकणाऱ्या बाईंनी दाखवून द्यावं लागलं.

इथं व्याकरणाची एक अडचण झाली तीही सांगून टाकतो. जवळ असेल ती 'ही' आणि लांब असेल ती 'ती', असं आपण शाळेत शिकलो. पण आमच्यासारखे नवरे बायकोला जन्मभर 'ही'च म्हणतात. नाव घ्यायची सवय नाही, आणि गरजही पडत नाही, कारण ही कायम हाताच्या अंतरावर असते. आता ही नाही. म्हणजे नियमानं हिला 'ती' म्हणायला हवं. मी एकदा म्हणून पाहिलं. कोपऱ्यावरच्या दुकानदारानं विचारलं, वहिनी कशा आहेत? मी म्हटलं, ती बरी आहे. त्यानं हातातलं पुडकं खाली ठेवून माझ्याकडे असं काही पाहिलं, की आमच्यात काही बिनसलंय की काय अशी मलाच शंका आली. घरी आलो, दार उघडलं आणि रिकाम्या खोलीत दोनदा 'ही' म्हणून टाकलं, तेव्हा जरा बरं वाटलं. तेव्हा या पत्रात जिथं 'ही' येईल तिथं ती समजावी, आणि व्याकरणाला म्हणावं, तू घरी बस.

आमचं बोलणं रोज संध्याकाळी संगणकावर होतं. फोनवर होऊ शकत नाही, कारण माझा एक शिकाऊ, पेशानं दंतवैद्य, गाडी मागे घेत असताना माझा फोन चाकाखाली सापडला. (तो मीच बंपरवर ठेवला होता. पण मागे बघणं हे चालवणाऱ्याचं काम आहे, या मतावर मी ठाम आहे.) फोन अजून वाजतो, नुसतं बोलता येत नाही. तेव्हा उरला तुमचा तो संगणक. जाताना तुम्ही त्यातली जुनी, आज्ञाधारक व्यवस्था पुसून ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम टाकून गेलात. कुणाच्या मालकीची नाही, सगळ्यांची आहे, हवी तशी उघडावी आणि हवी तशी बदलावी, असं तुम्ही तेव्हा हात हलवून हलवून सांगितलंत. ते खरं आहे. फक्त कुणाच्याच मालकीची नसल्यामुळे भांडायचं कुणाशी हा प्रश्न उरतो. म्हणून हे पत्र तुम्हाला.

चित्र उत्तम दिसतं, त्याबद्दल तक्रार नाही. हिच्या चष्म्याच्या काडीला दोरा बांधलाय तोसुद्धा दिसतो. (जावयाला सांगून दुरुस्त करून घ्यायला काय झालं? पण सांगणार नाही.) बिघडलंय ते आवाजाचं. हिचा आवाज येतो, शब्द कळतात, पण त्या आवाजाला बूडच नाही. तुम्ही तर त्या आवाजाचा मार खात मोठे झालात, तुम्हाला काय सांगायचं! बारीक, नाजूक, सभ्य आवाज आमच्या हिचा कधीच नव्हता. हिच्या आवाजाला खाली एक जाडसर बैठक आहे. त्यातही एका शब्दाला जास्त, तो शब्द म्हणजे 'बास'. माझ्या शिकवण्याच्या गाडीत माझ्या पायाशी एक जास्तीचा ब्रेक आहे हे तुम्हाला माहीत आहे. शिकणारा भलतीकडे चालला की मी तो दाबतो. घरात तो ब्रेक हिच्याकडे असतो. मी चहात तिसरा चमचा साखर घालायला गेलो की बास. सिग्नलवरच्या कुणाच्या मूर्खपणाची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो की आतल्या खोलीतून बास. जेवताना, बोलताना, रागावताना, मला आपण होऊन थांबायची सवयच राहिलेली नाही. आणि संगणकावर? त्यावर ही म्हणते, हो का, छान. मी सिग्नलची तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगितली तरी, हो का, छान. असा पातळ आवाज, की वाटावं कुणा अनोळखी बाईंना चुकून नंबर लागलाय.

मी निदान केलं की दोष यंत्राचा आहे. (त्या वेळी मला हेच निदान सोयीचं होतं.) शोधल्यावर कळलं की आवाजाचे खालचे-वरचे भाग कमी-जास्त करायला इक्वलायझर नावाची सोय असते. आपल्या जुन्या टेपरेकॉर्डरला त्या छोट्या सरकत्या पट्ट्या होत्या ना, तेच ते. पण आम्ही ज्या प्रोग्रामवर बोलतो त्यात तशी सोय नाही, तेव्हा सगळ्या यंत्रणेलाच एक इक्वलायझर बसवायचा, म्हणजे जो जो आवाज होईल तो त्यातून गाळून यावा. जुन्या व्यवस्थेत हे काम दोन बटणांचं असावं. तुमच्या व्यवस्थेत त्यासाठी एक काळी खिडकी उघडून तिच्यात हुकूम लिहावा लागतो. लिहिला. तिनं पासवर्ड मागितला. टाकायला लागलो तर पडद्यावर काहीच उमटेना, एक टिंबसुद्धा नाही. मी कीबोर्ड उलटा करून झटकला. त्यातून बिस्किटांचा इतका चुरा पडला की एक वेळचा नाश्ता झाला असता, पण अक्षर काही पडेना. दुसरा कीबोर्ड मागायला शेजारी जाण्याच्या बेतात होतो, तेवढ्यात तुमच्या या सिस्टिमच्या मराठी वापरकर्त्यांचं एक मंडळ सापडलं. तिथं 'घुबड' या नावानं वावरणाऱ्या एका गृहस्थांनी कळवलं, की काका, पासवर्ड दिसत नसतो, दिसला तर तो पासवर्ड कसला, डोळे झाकून टाका. मग टाकला. या घुबडांचा स्वभाव तुमच्यासारखाच आहे. मदत करतात, पण आधी एकदा आपल्याला वेड्यात काढतात.

प्रोग्राम बसला आणि घरातला होता नव्हता तो आवाज बंद झाला. हिचं तोंड हलतंय, नात टेबल बडवतेय, आणि इकडे चिडीचूप. हातवारे करून मी हिला थांब म्हटलं, हिनं हातवारे करून मला जेवलात का विचारलं. अर्धा तास आम्ही एकमेकांशी हातांनी बोललो. (खरं सांगायचं तर त्या महिन्यातलं ते सगळ्यात चांगलं बोलणं झालं.) नंतर कळलं की प्रोग्रामनं आवाज स्पीकरऐवजी पडद्याकडे पाठवला होता, आणि आमच्या पडद्याला तोंडच नाही. तो रस्ता बदलल्यावर आवाज परत आला, तसाच, बुडाशिवाय.

आता खरी मेहनत सुरू झाली. प्रोग्राम मराठीत होता, कुणा पुण्यवान माणसांनी फुकटात भाषांतर करून ठेवलंय, तेव्हा म्हटलं, आता आपल्याला अडवणारा कोण? वरच्या बाजूला दोन कप्पे होते, 'आवक' आणि 'जावक'. यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. हिचा आवाज लांबून आपल्या घरी येतो, म्हणजे ती आवक. आवक उघडली. कोपऱ्यात एक बटण होतं, 'बायपास'. आता माझी हयात रस्त्यावर गेली आहे. गावातल्या गर्दीतून, हातगाड्यांतून, खड्ड्यांतून जायचं की मोकळ्या बायपासनं, हे मला कुणी शिकवायची गरज नाही. मी ते पहिल्या झटक्यात दाबलं आणि त्यावर छानसा हिरवा दिवाही लागला. मनात म्हटलं, प्रोग्राम लिहिणाराही गाडी चालवणारा दिसतो. त्यानंतर पट्ट्या. ओळीनं पट्ट्या होत्या, प्रत्येकीखाली एक आकडा, आणि सगळ्यात डावीकडच्या पट्टीखाली आकड्याच्या जागी स्वच्छ मराठीत लिहिलेलं, 'बास'.

मी हात मागे घेतला. मेहुणेबुवा, तुम्हीही घेतला असता. इतकी वर्षं ज्या शब्दावर थांबत आलो तो शब्द समोर छापलेला पाहिल्यावर त्या पट्टीला हात लावायची माझी छाती झाली नाही. इथवर बास, पुढं जाऊ नका, असा तो इशारा आहे अशी मी स्वतःची समजूत घातली आणि उरलेल्या पट्ट्यांशी रोज संध्याकाळी, हिचा संगणकावरचा फोन यायच्या आधी, खेळत बसलो. एक वर, एक खाली. फरक लगेच जाणवला. बातम्या देणाऱ्या बाई आधी नाकात बोलायच्या, त्या सुधारल्या. संगणक चूक झाली की 'टुंग' करायचा, त्या टुंगालासुद्धा गोडी आली. असं मी घुबडांना अभिमानानं कळवलंही. फक्त हिचा आवाज होता तसाच राहिला. हो का, छान. एका संध्याकाळी मात्र हिनं मध्येच विचारलं, घसा बसलाय का तुमचा? मी म्हटलं, छे. ही म्हणाली, मिठाच्या पाण्यानं गुळण्या करा. मला काहीही झालेलं नव्हतं, तरी मी गुळण्या केल्या. हिनं आपण होऊन काहीतरी करायला सांगितलं होतं, ते वाया कसं घालवणार? दुसऱ्या दिवशीही केल्या, त्या दिवशी तर हिनं सांगितलंही नव्हतं.

'बास'चा उलगडा दंतवैद्यांनी केला. मागे घेण्याचा धडा चालू होता. (त्यांना मी तो मुद्दाम पुन्हा पुन्हा देतो.) भिंत जवळ आली तसा मी 'बास, बास' ओरडलो. गाडी थांबवून ते हसत म्हणाले, काका, तुमचं बास आणि आमचं बास यात फार फरक आहे. हे गृहस्थ सुट्टीच्या दिवशी गिटार वाजवतात हे मला ठाऊक नव्हतं. त्यांच्यात बास म्हणजे खर्ज, म्हणजे आवाजाचा सगळ्यात खालचा, जाड भाग. ते वाढवलं की आवाजाला वजन येतं, काढलं की आवाज पातळ होतो. भाषांतर करणाऱ्यानं तो इंग्रजी शब्द मराठीत जसाच्या तसा लिहून ठेवला होता, आणि मी त्या पट्टीसमोर इतके दिवस हात बांधून उभा होतो. म्हणजे हिच्या आवाजाचं बूड नेमकं त्याच पट्टीत होतं! मी धडा आवरता घेतला. दंतवैद्यांना भिंतीपाशी तसंच सोडून घरी पळालो असं ते आता सगळ्यांना सांगतात, पण ते खरं नाही. गाडी मी सरळ करून दिली होती.

त्या संध्याकाळी मी आवकेतली 'बास' पट्टी थेट टोकाला नेली. ही आली. केस विंचरलेले, चष्म्याला दोरा, मांडीवर नात. मी म्हटलं, आज आवाज कसा येतो ते बघायचंय, तू काहीतरी बोल. ही बोलायला लागली. नातीचा वरचा दात दिसतोय, ती चमचा सोडत नाही, खालच्या मजल्यावरच्या बाई चांगल्या आहेत, हवा बरी आहे. सगळं पातळ. टोकाला नेऊनही पातळ! मग हिनं विचारलं, जेवलात? म्हटलं, हो, कालचं गरम करून. आणि कपाटाचं दार अडकत होतं ते? म्हटलं, अजून अडकतं. आणि एरवी? म्हटलं, एरवी छान चाललंय.

हे वाक्य मी रोज म्हणतो. त्यात काही विशेष नाही. पण हिनं नातीच्या हातातला चमचा काढून घेतला आणि म्हणाली, आवाज असा काय येतोय तुमचा? मी म्हटलं, यंत्राचं काहीतरी असेल. ही म्हणाली, जड येतोय. रडताय का? मी म्हटलं, छे, मी कशाला रडू? ही पडद्याच्या इतकी जवळ आली की मला नुसता दोरा आणि एक डोळा दिसत होता. मी पुन्हा म्हटलं, अगं, छान चाललंय. तर ही म्हणाली, बास.

मेहुणेबुवा, तो बास! त्याला बूड होतं. आतल्या खोलीतून यावा, हातात झारा असावा, आणि मी अर्ध्या वाक्यात थांबावं, असा तो होता. आणि मी थांबलो. मग ही म्हणाली, बास झालं आता, मी येते. रविवारी येते. कपाटाच्या दाराला हात लावू नका, मी आल्यावर बघू.

आता तुम्ही म्हणाल, मग तक्रार कसली, पेढे वाटा की. माझीही तीच समजूत होती. विजयाच्या भरात मी घुबडांना सविस्तर कळवलं, आवकेतली बास पट्टी टोकाला नेली आणि पत्नीचा आवाज हुबेहूब आला, तुमच्या प्रोग्रामचा विजय असो. त्यांचं उत्तर आलं. ते लिहितात, काका, संगणकाची आवक म्हणजे तुमचा माइक. तुम्ही बोलता ते संगणकात येतं, ती आवक. समोरच्यांचा आवाज तुमच्या स्पीकरमधून बाहेर पडतो, ती जावक. तुम्ही इतके दिवस स्वतःच्याच आवाजाच्या पट्ट्या हलवताय. बातम्या देणाऱ्या बाईंना तुम्ही बोटही लावलेलं नाही, त्यांचं नाक होतं तसंच आहे.

म्हणजे लक्षात आलं का? तुमच्या ताईंचा आवाज पहिल्यापासून होता तसाच येत होता. पातळ होता तो आम्ही दोघं एकमेकांशी पाहुण्यांसारखे बोलत होतो म्हणून, आणि बूड आलं ते ही स्वतःच्या मूळ स्वभावावर आली म्हणून. ते मी समजू शकतो. पण हिनं ऐकला तो माझा आवाज खर्ज भरून जड केलेला, यंत्रानं रडवेला केलेला. त्या आवाजावर विश्वास ठेवून ही भरल्या घरातून उठून येते आहे. जन्मभर शिकणाऱ्यांना सांगत आलो की हॉर्न खोटा वाजवू नये, लोक खरं समजून बाजूला होतात. आणि मी असा हॉर्न वाजवलाय की आमची ही रस्ता सोडून धावत येते आहे. खरं सांगून टाकावं, तू ये म्हणून मी म्हटलेलं नाही, यंत्र म्हणालं, असं लिहावं असं दोनदा मनात आलं. आणि दोन्ही वेळा असं वाटलं की रविवार तेवढा येऊन जाऊ दे.

तेव्हा आता मूळ विनंती. (इतकं वाचलंत, त्यातच सगळं आलं.) निघायच्या आधी ही तुम्हाला नक्की फोन करील. त्यांचा आवाज ऐकलास का, कसा झालाय, असं विचारील. संगणकाचा विषय निघाला की तुम्हाला राहवत नाही आणि तुम्ही आवक-जावक समजावून सांगायला लागता. कृपा करून या वेळी सांगू नका. फार तर म्हणा, हो ताई, भाऊजींचा आवाज मलाही जरा जड वाटला. रविवारनंतर जे व्हायचं ते मी बघून घेईन.

तुमच्या सौ.ना आणि त्यांच्या कमरेला आमचे आशीर्वाद, आणि तुम्हाला, हे काम केलंत तर, तुमच्या मोफत यंत्रणेबद्दल मनापासून क्षमा.

आपला,
भाऊजी

ता. क. : हे पत्र पाठवायच्या आधीच मुलीचा संगणकावर फोन आला. ही बाळाला घेऊन बाहेर गेली होती. मुलगी म्हणाली, बाबा, किती दिवस लावलेत! रमली आहे म्हणून सांग, असं आईच मला सांगायची, पण तिला केव्हाचं यायचं होतं. बाळाची सोय तर आम्ही मागेच करून ठेवली आहे. पण तुम्ही रोज छान चाललंय म्हणायचात, मग तिला वाटलं, तिकडे आपली काही गरज राहिलेली नाही. रोज फोनच्या आधी केस विंचरून पडद्यासमोर बसून राहायची, आणि फोन झाला की मुकाट्यानं उठायची. मी म्हटलं, मला वाटलं ती रमली आहे. (मुलीसमोर तोंडातून 'ती' गेलं. मुलीनंही दुकानदारासारखंच पाहिलं.) तेव्हा भरल्या घरातून ओढून आणण्याचा जो गुन्हा मी वर कबूल केलाय तो खोडलेला समजावा. खोट्या आवाजाचा गुन्हा राहिलाच आहे, आणि तोंड बंद ठेवायची विनंतीही कायम आहे.

आणखी एक ता. क. : थांब, अजून पाठवलेलं नाही. घुबडांनी माझ्या पडद्याचं चित्र मागवलं होतं, पट्ट्या पूर्ववत करून देतो म्हणाले. ते पाठवलं. त्यांनी विचारलं, काका, हे बायपास कधीपासून चालू आहे? मी म्हटलं, पहिल्या दिवसापासून, मी गर्दीतून जात नाही. मग त्यांनी लिहिलं, या वेळी वेड्यात न काढता, की बायपास चालू असला की आवाज इक्वलायझरला वळसा घालून जातो, त्याला एकही पट्टी लागत नाही. तुमचा आवाज तिकडे जसा होता तसाच पोचत होता. त्या दिवशीसुद्धा.

मी तीन वेळा वाचलं. घसा बसलाय का विचारलं तेव्हाही, आणि त्या संध्याकाळीही, यंत्रानं काहीच केलेलं नव्हतं. तो माझा आवाज होता रे. मला वाटत होतं मी छान चाललंय म्हणतोय.

तेव्हा वर केलेली विनंती रद्द. ताईचा फोन आला की तिला सगळं सांग, आवक, जावक, बायपास, काही म्हणून सोडू नकोस. तुझ्या पद्धतीनं हात हलवून हलवून सांग. शेवटी सांग की भाऊजी खरंच रडत होते, त्यांनीच मला पत्रात लिहून कळवलंय. मला ते तोंडानं जमायचं नाही, आणि रविवारी मी स्वतः सांगायला गेलोच, तर ही मध्येच बास म्हणेल. म्हणू दे.